हायब्रिड हॅचबॅकचा शोध : रत्नागिरीतील एका कुटुंबाच्या गाडीनिवडीचा प्रकरण अभ्यास

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या एका वाडीतील पाच जणांच्या कुटुंबाने जुनी डिझेल गाडी काढून नवी गाडी घ्यायचे ठरवले, तेव्हा त्यांची मागणी अगदी नेमकी होती : हायब्रिड हॅचबॅक, म्हणजे इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार असलेली, मागे डिकी बाहेर न आलेली छोटी गाडी. घरातील सून माध्यमिक शाळेत शिक्षिका असून गाडी मुख्यतः तीच चालवते. नवरा लांज्याला नोकरीला आहे आणि रोज एसटीने ये-जा करतो. दोन मुले शाळेत आहेत, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाईंना तपासणीसाठी ठरावीक अंतराने कोल्हापूरला न्यावे लागते. कुटुंबाच्या परिचयातील म्हणून हिशेब मांडण्याचे काम माझ्याकडे आले. ही नोंद कुटुंबाच्या संमतीने, नावे टाळून लिहिली आहे, कारण किनारपट्टीवरील बऱ्याच घरांपुढे आज हाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जाहिरातीतील ॲव्हरेजच्या आकड्यावरून मिळत नाही.

मागणीचा उगम जपानमध्ये होता. धाकटे दीर तिथे नोकरीला आहेत आणि त्यांच्याकडे टोयोटा यारिसचे हायब्रिड रूप आहे. कुटुंब तिकडे गेले असताना गाडीचा शांतपणा, क्लच नसणे आणि रहदारीत इंजिन बंद ठेवून पुढे सरकणे या गोष्टी सुनेच्या मनात भरल्या. तिने तिथे गाडी चालवली नव्हती, फक्त शेजारी बसून पाहिली होती. तरी तिला नेमके काय आवडले हे पहिल्याच बैठकीत लिहून घेतले, आणि पुढे तेच सर्वांत उपयोगी पडले. तिने सांगितलेल्या चार गोष्टींपैकी इंधनाची बचत शेवटची होती. आधीच्या तिन्ही गोष्टी आवाज, गचके आणि डाव्या पायाला मिळणारी विश्रांती यांच्याशी संबंधित होत्या.

बाजारात काय आहे आणि का

भारतीय बाजारात पूर्ण हायब्रिड, म्हणजे केवळ विजेवरही काही अंतर धावू शकणारी, आम जनतेच्या आवाक्यातील हॅचबॅक सध्या नाही. टोयोटा प्रियस २०१० मध्ये आपल्याकडे आली, पण ती आयात होणारी महागडी गाडी होती. होंडा सिटीचे हायब्रिड रूप मे २०२२ मध्ये आले, ते सेडान आहे. त्याच वर्षी मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर आल्या, त्या सुमारे ४.३५ मीटर लांबीच्या एसयूव्ही आहेत. यारिस आणि होंडा फिट, जी आपल्याकडे जॅझ या नावाने विकली जात असे, यांची पूर्ण हायब्रिड रूपे परदेशात सर्रास दिसतात, इथे नाहीत.

याचे एक मोठे कारण करांच्या रचनेत आहे, आणि ते समजून न घेता कंपन्यांना दोष देणे बरोबर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या दरांनुसार चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत इंजिनाच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के कर आहे. याच मर्यादेत बसणाऱ्या हायब्रिडलाही १८ टक्केच लागतो, परंतु दोहोंपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी दर थेट ४० टक्के होतो. विजेच्या गाडीवर ५ टक्के आहे. यारिस ३.९४ मीटर लांब असल्याने लांबीच्या कसोटीला उतरते, पण तिचे हायब्रिड इंजिन १४९० सीसीचे आहे. हायब्रिड गाड्यांची इंजिने बहुधा ॲटकिन्सन चक्रावर चालतात. या पद्धतीत इंजिन इंधनाचा उपयोग अधिक चांगला करते, पण त्याच आकारमानात ताकद कमी देते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी इंजिन मुळातच थोडे मोठे घ्यावे लागते. अभियांत्रिकीला जे सोयीचे ते आपल्या करमर्यादेच्या बाहेर पडते. जपानमधील दिरांची गाडी इथल्या शोरूममध्ये नसण्यामागे हे साधे गणित आहे, आणि ते कळल्यावर घरातील ‘आणखी एक वर्ष थांबू’ ही चर्चा बरीचशी मिटली.

विक्रेत्यांनी सुचवलेला एक पर्याय म्हणजे २०१९ ते २०२२ या काळातील सेकंडहँड बलेनो, जिच्यावर ‘स्मार्ट हायब्रिड’ असे लिहिलेले असे. तिच्यात इंजिनाला पट्ट्याने जोडलेला स्टार्टर-जनरेटर आणि एक छोटी लिथियम-आयन बॅटरी होती. ही व्यवस्था सिग्नलला इंजिन बंद करते, ते सहज पुन्हा सुरू करते आणि वेग घेताना थोडा हातभार लावते, मात्र गाडी केवळ विजेवर हलवू शकत नाही. त्या गाडीचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २३.८७ किलोमीटर होते. पुढे २०२२ मध्ये तीच बलेनो नव्या रूपात आली तेव्हा ही व्यवस्था काढून टाकली होती, सिग्नलला इंजिन बंद होण्याची सोय तेवढी ठेवली होती, आणि मॅन्युअल गाडीचे प्रमाणित ॲव्हरेज २२.३५ होते. दोन पिढ्यांच्या गाड्यांत इतरही फरक असतात हे मान्य करूनही अशा, केवळ विजेवर न चालणाऱ्या ‘सौम्य’ हायब्रिडचा लाभ साधारण किती असतो याचा अंदाज या दोन आकड्यांवरून येतो. शिवाय एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल धरून बनवलेल्या नाहीत, आणि आज पंपावर तेच पेट्रोल मिळते. हा पर्याय मी ठामपणे बाजूला ठेवायला सांगितले.

गाडी कुठे धावते

निर्णयाचा खरा आधार म्हणजे कुटुंबाच्या धावण्याची नोंद. जुन्या गाडीच्या सर्व्हिसच्या पावत्या आणि पेट्रोल-डिझेलचा खर्च लिहिण्याची नवऱ्याची सवय यांच्या आधारे वर्षाची धाव सुमारे ११,००० किलोमीटर निघाली. तिचे तीन भाग पडतात. पहिला भाग शहरातला, म्हणजे शाळा, मारुती मंदिर, बाजार, क्लास, बंदराकडे उतरणारा आणि पुन्हा चढणारा रस्ता, असा साधारण ५,००० किलोमीटरचा. दुसरा भाग महामार्गाचा, हातखंब्याहून चिपळूणकडे किंवा मुंबईकडे आणि उलट लांज्या-राजापूरकडे, सुमारे ३,५०० किलोमीटर. तिसरा भाग घाटाचा आणि किनाऱ्याच्या अरुंद रस्त्यांचा, सुमारे २,५०० किलोमीटर. त्यात आंबा घाटातून कोल्हापूर येते, तसेच जयगड–तवसाळ फेरीबोटीने सुनेच्या माहेरी, गुहागर तालुक्यात जाणेही येते.

हायब्रिड गाडी इंधन वाचवते ती मुख्यतः दोन जागी : थांबलेल्या किंवा रेंगाळणाऱ्या गाडीचे इंजिन बंद ठेवून, आणि ब्रेक लावताना उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत घेऊन. महामार्गावर ऐंशीच्या एकसारख्या वेगाने जाताना यांपैकी काहीच फारसे घडत नाही. प्रमाणित ॲव्हरेजची आपल्याकडील चाचणी ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि तिच्यात थांबणे-निघणे बरेच असते, त्यामुळे त्या चाचणीत हायब्रिड विशेष चमकते.

घाटाबद्दल मात्र कुटुंबाची कल्पना वेगळी होती, आणि या मुद्द्यावर आम्ही सर्वाधिक वेळ दिला. आंबा घाट उतरताना बॅटरी आपोआप भरेल आणि पुढे साखरप्यापासून रत्नागिरीपर्यंत गाडी जवळजवळ फुकट येईल, असे नवऱ्याचे म्हणणे होते. विचार चुकीच्या दिशेचा नाही, पण मापात बसत नाही. ग्रँड विटाराच्या हायब्रिड रूपातील बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची आहे, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,६०० किलो आणि घाटाचा उतार ६०० मीटर उंचीचा धरला, तर उतरताना मोकळी होणारी ऊर्जा अडीच युनिटांहून थोडी अधिक भरते. चाकांचे घर्षण, हवेचा रोध आणि रूपांतरातील तूट वजा केली तरी एक युनिटाहून जास्त ऊर्जा साठवण्याजोगी उरते. बॅटरी मात्र पूर्ण रिकामी ते पूर्ण भरलेली अशी कधीच वापरली जात नाही. तिचे आयुष्य टिकावे म्हणून मधलाच पट्टा वापरतात, आणि त्यातला अर्धा आधीच भरलेला असतो. त्यामुळे घाटाची पहिली काही वळणे उतरतानाच बॅटरी तुडुंब होते आणि उरलेल्या उतारावर गाडी इंजिन नुसते फिरवून, इंधन न जाळता, स्वतःला आवरते. ही सोय चांगली आहे आणि ब्रेक तापत नाहीत, पण ती तर साध्या गाडीत खालच्या गिअरवरही मिळते.

आता हीच गोष्ट शहरात पाहावी. ताशी ४० किलोमीटरच्या वेगातील दीड टन गाडी थांबवताना मोकळी होणारी ऊर्जा सुमारे चाळिसावा भाग युनिट असते. पाऊण युनिटाच्या बॅटरीला हा घास अगदी बेताचा आहे. ती तो पुनःपुन्हा घेते आणि पुढच्या सुरुवातीला लगेच परत देते. लहान बॅटरीची हायब्रिड व्यवस्था मारुती मंदिर ते जयस्तंभ अशा रस्त्यासाठी घडवलेली आहे, आंबा घाटासाठी नाही. चढतानाही चित्र असेच असते : सुरुवातीची मदत संपली की सगळा भार इंजिनावर येतो, आणि तीन सिलिंडरचे इंजिन वरच्या फेऱ्यांवर बराच वेळ आवाज करत राहते. सुनेला जपानमध्ये जो शांतपणा आवडला तो शहरातला होता.

हिशेब

पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये धरला. ऑटोमॅटिक पेट्रोल हॅचबॅकला शहरात १४, महामार्गावर १९ आणि घाट-किनाऱ्याला १५ असे ॲव्हरेज धरले. हायब्रिड एसयूव्हीला अनुक्रमे २२, २० आणि १८ धरले. हे आकडे जाहिरातीतले नाहीत, वापरणाऱ्यांशी बोलून मुद्दाम सावधपणे घेतलेले आहेत. हॅचबॅकला वर्षाला ७०८ लिटर लागतात, हायब्रिडला ५४१. वाचणाऱ्या १६७ लिटरपैकी १३० लिटर एकट्या शहरातल्या धावण्यात वाचतात. रुपयांत ही बचत वर्षाला साडेसतरा हजारांच्या आसपास जाते.

दोन्ही गाड्यांच्या ऑन-रोड किमतींतील फरक कुटुंबाला मिळालेल्या कोटेशननुसार सात लाखांच्या खाली येत नव्हता. महाराष्ट्रात दहा लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला मोटार वाहन कर ११ ऐवजी १२ टक्के लागतो, आणि विमाही किमतीच्या प्रमाणात वाढतो. सात लाखांना साडेसतरा हजारांनी भागले तर चाळीस वर्षे येतात. दोन वेगळ्या आकारांच्या गाड्यांची ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण मोठी गाडी इतरही काही देते. ज्याला मुळात एसयूव्हीच घ्यायची आहे त्याने त्याच गाडीच्या पेट्रोल आणि हायब्रिड रूपांतील फरक मांडावा, तिथे चित्र बरेच बरे दिसते. या कुटुंबाला मात्र मोठी गाडी नको होती. घरापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांमधून जातो, एका वळणावर मागे-पुढे करावे लागते, आणि खळ्यात गाडी उभी केल्यावर तुळशीवृंदावनाच्या बाजूने सासूबाईंना वॉकर घेऊन जाण्याइतकी जागा उरली पाहिजे.

डिकीचा मुद्दाही लक्षात घेण्यासारखा होता. हायब्रिड ग्रँड विटारामध्ये बॅटरी मागे बसवल्याने डिकी २६५ लिटरची राहते, तर त्याच गाडीच्या साध्या रूपात ती ३७३ लिटर आहे. चार मीटरच्या आतील बलेनोची डिकी ३१८ लिटर आहे. बाहेरून मोठी दिसणारी गाडी आतून सामानाला लहान पडते, हे मे महिन्यात नातेवाइकांना आंब्याच्या पेट्या पोचवणाऱ्या घराने आधीच पाहून ठेवावे. याच कारणाने सीएनजीचाही विचार मागे पडला. खर्चात तो सर्वांना हरवतो यात शंका नाही, पण सिलिंडर डिकीची जागा खातो आणि गणपतीत चाकरमानी आल्यावर पंपावर लांब रांगा लागतात.

विजेची गाडी

विजेच्या गाडीचा प्रश्न मी स्वतः उपस्थित केला, कारण शहरातल्या ५,००० किलोमीटरसाठी तिच्याइतका योग्य पर्याय दुसरा नाही. घाटातील उताराची ऊर्जाही तिच्या मोठ्या बॅटरीत सहज मावते. अडचण कोल्हापूरच्या फेरीची होती. जाऊन-येऊन साधारण २६० किलोमीटरचा हा प्रवास घाटाच्या चढासह लहान विजेच्या गाडीला मध्ये चार्जिंग केल्याशिवाय झेपत नाही, आणि दवाखान्याच्या दिवशी चार्जिंगसाठी थांबणे सासूबाईंना सोसणारे नाही. दुसरे कारण वादळांचे होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले, त्यानंतर उत्तर रत्नागिरीतील दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. एकच गाडी असलेल्या घराने या आठवणीला वजन देणे मला रास्त वाटले. घरात दोन गाड्या असत्या, तर त्यांतली एक विजेचीच असावी असे मी आग्रहाने सांगितले असते.

किनाऱ्याच्या हवेत हायब्रिड

हिशेबाने हायब्रिड मागे पडली असली तरी ती इथल्या हवेत टिकेल का, हा प्रश्न कुटुंबाने सोडला नाही. खारी हवा, जांभ्याची तांबडी धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस यांत लोखंड आणि विजेचे सांधे दोन्ही झिजतात. ज्या थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, तिथे काही हायब्रिड गाड्यांच्या तळाकडील उच्च दाबाच्या विजेच्या तारांचे जोड गंजल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. म्हणून मोटारीला जाणाऱ्या उच्च दाबाच्या या नारिंगी तारा तळाच्या कोणत्या भागातून जातात आणि त्यांच्यावर आच्छादन आहे का, हे गाडी उचलून पाहायला हवे. मुख्य बॅटरी थंड ठेवणारी हवा बहुधा प्रवाशांच्या जागेतून घेतली जाते. तिच्या जाळीत वाळू आणि धागे साचले तर बॅटरी तापते, तेव्हा किनाऱ्यावरून आल्यावर त्या जाळीकडे पाहण्याची सवय लावावी लागते. उंदरांचा उपद्रव कोकणात सर्वच गाड्यांना आहे, पण नारिंगी तार कुरतडली तर ती वाडीतल्या मेकॅनिकने जोडायची नसते.

आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. हायब्रिड गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज नेहमीची बारा व्होल्टची बॅटरीही असते, आणि संगणक व रिले (विजेचे स्विच) जागे करण्याचे काम तीच करते. गाडी महिनाभर उभी राहून ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, आणि उतारावरून ढकलून सुरू करण्याचा उपायही चालत नाही. मुंबईत राहून गावी गाडी ठेवणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

मुख्य बॅटरीवर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी मिळते, ती समाधानकारक आहे. पाणी शिरून झालेले नुकसान मात्र हमीत येत नाही. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात किती गाड्या बुडाल्या हे कुटुंबाने डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे कोणतीही गाडी घेतली तरी इंजिन संरक्षणाचे जोडकलम विम्यात असावे, आणि हायब्रिड असल्यास बॅटरीचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा, असे ठरले. उच्च दाबाच्या कामाचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ इथे कायम असतो का, हे आम्ही एका विक्रेत्याला लेखी विचारले. तोंडी होकार आला, लेखी उत्तर आले नाही.

निवड

या टप्प्यावर पहिल्या बैठकीतील यादी पुन्हा समोर घेतली. आवाज, गचके आणि क्लच या तीन गोष्टी हायब्रिडशिवाय कुठे मिळतात, असा प्रश्न विचारल्यावर वाट मोकळी झाली. हॅचबॅकमध्ये ऑटोमॅटिकचे प्रकार वेगवेगळे आहेत. सर्वांत स्वस्त एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलते. त्यात गिअर बदलताना हिसका जाणवतो, आणि ओल्या उतारावर इंचाइंचाने पुढे सरकताना तो अधिकच जाणवतो. सीव्हीटीमध्ये गिअरच्या पायऱ्याच नसतात, त्यामुळे ती चाल हायब्रिडच्या सर्वांत जवळ जाते. ह्युंदाई आय२० मध्ये १.२ लिटर पेट्रोल इंजिनाबरोबर ही सोय आयव्हीटी या नावाने मिळते, आणि गाडी चार मीटर व १२०० सीसी या दोन्ही मर्यादांत बसते.

अंतिम कसोटी शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता नातेवाइकांकडील तसल्याच दोन गाड्या मागून घेतल्या, एक एएमटी आणि एक सीव्हीटी. दोन्ही जयगडच्या जेटीवर नेल्या. फेरीबोटीचा लोखंडी उतार भरती-ओहोटीप्रमाणे कमीजास्त तिरपा होतो, आणि लांब नाकाची गाडी ओहोटीला तिथे पुढून घासते. सुनेने दोन्ही गाड्या स्वतः चढवल्या-उतरवल्या आणि तिथेच सीव्हीटीवर शिक्कामोर्तब केले. सासूबाईंची परीक्षा घरच्या खळ्यात झाली. पुढची सीट पूर्ण मागे सारून, आधी आडवे बसून मग पाय आत घेतले की गुडघ्यावर ताण येत नव्हता. एसयूव्हीची सीट त्यांना उंचीला अधिक सोयीची होती, हे इथे नोंदवलेच पाहिजे. ‘मला चालेल’ हे त्यांनी मुलाच्या खिशाकडे पाहून म्हटले नसावे याची खात्री करण्यासाठी सुनेने त्यांना दुसऱ्या दिवशी एकटीने पुन्हा बसवून पाहिले.

गाडी गणपतीपूर्वी घरी आली. पहिल्या पावसाळ्यानंतर नवऱ्याच्या वहीत शहरातील ॲव्हरेज तेराच्या जवळ आणि महामार्गावरील अठराच्या वर दिसते, म्हणजे धरलेल्या आकड्यांपेक्षा थोडे कमी. हायब्रिडचा कागद त्याच वहीत आहे आणि त्यावर पुन्हा विचार करण्याच्या अटी लिहिलेल्या आहेत : लांबी चार मीटरच्या आत, इंजिन १२०० सीसीपर्यंत, रत्नागिरीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असल्याचे लेखी आश्वासन, आणि तशाच पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा किमतीत दीड लाखाहून अधिक फरक नाही. शेवटचा आकडा वर्षाची साडेसतरा हजारांची बचत आणि गाडी आठ वर्षे ठेवण्याची घराची रीत यांवरून काढला असून, हलक्या गाडीत बचत थोडी वाढेल हे धरून तो दहा हजारांनी वर नेला आहे.